कीबोर्डवाल्याच्या पॉडकास्टसाठी झूम पॉडट्रॅक पी ४ : कोकणातल्या घरात, पावसात आणि गजरात

कोकणात कीबोर्ड वाजवणाऱ्याचं वर्ष ठरलेलं असतं. गणपतीत भजनं, नवरात्रात गरबा, मग जत्रा, लग्नसराई, शिमगा आणि मे महिन्यातल्या सत्यनारायणाच्या पूजा. या फेऱ्यात त्याची जितक्या भजनी बुवांशी, पखवाजवाल्यांशी, पेटीवाल्यांशी ओळख होते तितकी दुसऱ्या कुणाची होत नाही. कोण कुठल्या पट्टीत गातो, कुणाची गौळण ऐकायला लोक रात्री दोनपर्यंत बसतात, कुणाच्या हातात जुना ठेका अजून आहे, हे त्याला न विचारता माहीत असतं. स्थानिक संगीतावरचा पॉडकास्ट करायला म्हणूनच तो सगळ्यात योग्य माणूस आहे. अडतं ते रेकॉर्डिंगपाशी. मोबाइल मधोमध ठेवून रेकॉर्ड केलं की झांज सगळं गिळून टाकते, बुवांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो आणि कीबोर्ड तर ऐकूच येत नाही.

झूम कंपनीचा पॉडट्रॅक पी ४ हा रेकॉर्डर २०२० साली आला. त्याचं हे परीक्षण याच कामापुरतं आहे : कीबोर्डवाला स्वतः सूत्रसंचालक, समोर एक-दोन कलाकार, जागा कुणाच्या तरी घराची आणि वीज कधीही जाऊ शकते अशी परिस्थिती. निर्णय आधीच सांगतो. या कामाला लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) या जोडीपेक्षा पी ४ जास्त भरवशाचा आहे. मात्र कीबोर्ड जोडण्याच्या बाबतीत तो अडवतो, आणि तिथे चुकीची वायर लावली तर चांगला कीबोर्डही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. त्यामुळे परीक्षणाचा मोठा भाग त्या वायरीवरच खर्च केला आहे.

यंत्र एका हातात मावतं. माइकसाठी चार कॅनन पिना (एक्सएलआर, माइकच्या वायरीची तीन टोकांची गोल जोडणी), हेडफोनसाठी चार छोट्या पिना, प्रत्येक हेडफोनला आवाजाचं वेगळं बटण. वर चार चॅनेलची चार गोल बटणं आणि खाली आवाज वाजवायचे चार पॅड. दोन पेन्सिल (एए) सेलवर किंवा यूएसबी-सीच्या ५ व्होल्टवर चालतं. रेकॉर्डिंग एसडी कार्डावर होतं आणि कार्ड ५१२ जीबीपर्यंत चालतं. यंत्राची खरी किंमत एकाच गोष्टीत आहे : प्रत्येक चॅनेलची फाइल वेगळी पडते आणि सगळ्याची मिळून एक तयार फाइल बाजूला पडते. बुवा खोकले तर फक्त त्यांच्या फाइलमधून खोकला काढता येतो, कीबोर्डला धक्का लागत नाही.

रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह या एकाच प्रकारात होतं. एका मोनो ट्रॅकला तासाला साधारण ३२० एमबी लागतात, स्टिरिओला दुप्पट. चार माइक, पॅडचा स्टिरिओ ट्रॅक आणि तयार मिक्स असं सगळं धरलं तरी तासाला अडीच जीबीच्या आसपास. ३२ जीबीचं कार्ड दहा तासांना पुरून उरतं, त्यामुळे महागडं कार्ड घेण्याची गरज नाही. एक चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं कार्ड आणि तसंच एक खिशात, एवढं बस झालं. कार्ड याच यंत्रात फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

चार चॅनेल, आणि कीबोर्डला मिळतो एकच

आधी चॅनेलची वाटणी ठरवा. पहिला सूत्रसंचालकाचा माइक, दुसरा बुवांच्या आवाजाचा, तिसरा पेटी किंवा पखवाजाचा, चौथा कीबोर्डचा. झाले चार. कीबोर्ड स्टिरिओत घ्यायचा तर दोन चॅनेल जातात आणि पखवाजाला माइक उरत नाही. आमचं स्पष्ट मत : या पॉडकास्टसाठी कीबोर्ड मोनोच घ्या. ऐकणारे बहुतेक लोक मोबाइलच्या स्पीकरवर किंवा एसटीत एकच इअरफोन कानात घालून ऐकतात. पियानोची रुंदी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पखवाज नसेल तर मात्र ती कमी लगेच कळते.

मोनो घ्यायचा म्हणजे कीबोर्डच्या मागे लाइन आउटच्या (आवाज बाहेर देणाऱ्या) दोन पिना असतात त्यांपैकी ‘एल/मोनो’ लिहिलेल्या पिनेतून घ्यायचा. फक्त त्याच पिनेत वायर असली की कीबोर्ड डावं-उजवं एकत्र करून पाठवतो. चुकून फक्त ‘आर’मध्ये घातली तर अर्धाच आवाज येतो. पियानोचे खालचे स्वर पुसट होतात, ऱ्हिदमचे काही तुकडे गायब होतात, आणि दोष टोनला दिला जातो.

आता अडचणीची गोष्ट. पी ४ ला फक्त कॅनन पिना आहेत, मोठ्या पिनेची (पाव इंची जॅकची) सोय नाही. कीबोर्डमधून तर मोठी पिनच बाहेर पडते. मग बाजारात ‘मोठी पिन ते कॅनन’ अशी तयार वायर मिळते ती आणली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. त्याची तीन कारणं आहेत.

एक, पी ४ ची कॅनन पिन माइकसाठी आहे. माइक हजारांश व्होल्टमध्ये बोलतो, कीबोर्डचं लाइन आउट त्याच्या शेकडो पट जोरात. गोल बटण शून्याजवळ आणूनही आवाज फाटतो. मग लोक कीबोर्डचा व्हॉल्यूम एक-दशांशावर आणतात आणि आवाजाबरोबर खरखरही वर येते.

दुसरं कारण हेडफोनच्या पिनेचं. लहान पोर्टेबल कीबोर्डना वेगळं लाइन आउट नसतं, हेडफोनची एकच पिन असते आणि ती स्टिरिओ असते. तीन पट्ट्यांची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला कॅनन अशी वायर त्यात घातली की पी ४ डाव्या आणि उजव्या आवाजाची वजाबाकी करतो, कारण कॅनन पिन दोन तारांमधला फरकच मोजते. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं, म्हणजे बेस, किक आणि मुख्य धून, नाहीसं होतं. उरतो फक्त रिव्हर्ब आणि कोरस. ‘कीबोर्ड विहिरीत पडल्यासारखा येतोय’ अशी तक्रार असली की दहापैकी नऊ वेळा हीच वायर असते, असं बेधडक समजा.

तिसरं म्हणजे फँटम. कंडेन्सर माइकसाठीचे ४८ व्होल्ट चुकून चालू राहिले तर ते त्या वायरीतून थेट कीबोर्डच्या आउटपुटमध्ये शिरतात. आउटपुटचा भाग त्याने जाऊ शकतो.

या तिन्हींवर उपाय एकच : मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर लाइनचा आवाज माइकच्या पातळीवर आणतो, फँटमला आडवा येतो आणि वायर लांब असली तरी घरघर येऊ देत नाही. घेताना दोन खटके आहेत का ते बघा : आवाज कमी करणारा २० डीबीचा पॅड आणि अर्थिंगची जोडणी तोडून घूं घालवणारं ग्राउंड लिफ्ट. कीबोर्ड डीआयमध्ये साध्या दोन पट्ट्यांच्या, शिल्डवाल्या (आत जाळीचं आवरण असलेल्या) वायरीने जोडा. स्पीकरची जाड वायर सारखीच दिसते पण तिला शिल्ड नसतं, तिने घूं घूं येते. डीआय ते पी ४ ही माइकची नेहमीची कॅनन वायर. कीबोर्डचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर, डीआयचा पॅड चालू आणि मग पी ४ चं बटण हळूहळू वर. या क्रमाने गेलं की खरखर सगळ्यात कमी येते.

फक्त हेडफोनची पिन असलेल्या कीबोर्डसाठी स्टिरिओ पिनेतून दोन वेगळ्या मोनो पिना काढणारी वाय वायर घ्या आणि त्यातली डावी बाजू डीआयला द्या. पॅन मधोमध असलेला, म्हणजे डाव्या-उजव्यात सारखाच वाजणारा टोन निवडला की काही हरवत नाही. बऱ्याच कीबोर्डमध्ये पियानोचा टोन मुद्दाम डाव्या-उजव्यात पसरवलेला असतो. तिथे ‘मोनो पियानो’ नावाचा टोन शोधा, तो अशाच कामासाठी दिलेला असतो.

‘कीबोर्डला यूएसबी आहे, पी ४ ला यूएसबी आहे, मग एक वायर लावली की झालं’ असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. दोन्ही यंत्रं कॉम्प्युटरला जोडण्यासाठी बनलेली आहेत, एकमेकांना नाही. मध्ये लॅपटॉप किंवा मोबाइल लागतोच. शिवाय पी ४ लॅपटॉपला जोडला तरी यूएसबीवरून दोनच चॅनेलचं मिक्स जातं, चार वेगळे ट्रॅक जात नाहीत. ते एसडी कार्डावरच मिळतात.

पेटीशी सूर जुळवणं

हा भाग यंत्राचा नाही, पण तो चुकला तर रेकॉर्डिंग कितीही स्वच्छ असलं तरी ऐकवत नाही. कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झवर (मधल्या ‘ए’ स्वराची कंपनसंख्या) जुळवून येतो. भजनातली पेटी, विशेषतः वीस-तीस वर्षं वापरातली, नेमकी तिथे असेलच असं नाही. सूर दमट हवेने आणि आतल्या रीड घासून-पुसून सरकतात. प्रत्यक्ष मैफलीत झांजेच्या आवाजात ते झाकून जातं. माइकवर मात्र दोन वाद्यांच्या सुरांमधली थरथर उघडी पडते.

पेटी हलवता येत नाही, कीबोर्ड हलवता येतो. कीबोर्डवर व्हायब्रेटो आणि कोरस नसलेला ऑर्गनचा टोन घ्या, रिव्हर्ब बंद करा. बुवांची पट्टी समजा काळी एक असेल तर पेटीवर मधल्या सप्तकातली काळी एक धरून ठेवायला सांगा आणि कीबोर्डवर तीच. सेकंदाला जितक्या वेळा थरथर येईल तितक्या हर्ट्झचा फरक आहे. काळी एकचा सूर साधारण २७७ हर्ट्झचा. तिथे सेकंदाला एक थरथर म्हणजे सुमारे ६ सेंटचा फरक (अर्ध्या सुराचे १०० सेंट). कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये ४४० चा आकडा एका थरथरीमागे साधारण दीडने हलवायचा. वर की खाली हे कानाने ठरतं : चुकीच्या बाजूला गेलात तर थरथर वाढते. ती थांबली की पंचमावर आणि वरच्या षड्जावर पुन्हा तपासा, कारण जुन्या पेटीचे सगळे सूर सारखे सरकलेले नसतात. कार्यक्रमात वापरायला तेच ट्यूनिंग साठवून ठेवू नका. पुढच्या घरी पेटी वेगळी असते.

ट्रान्सपोजचं बटण हे काम करत नाही. ते पूर्ण अर्ध्या सुराच्या उड्या मारतं. हा फरक सूक्ष्म आहे.

गजराला आवाज फाटू नये म्हणून

पी ४ मध्ये १६ बिट आहे, म्हणजे आवाज फार खाली ठेवून नंतर वाढवला तर खरखर वाढते, आणि फार वर ठेवला तर फाटलेला भाग परत जुळत नाही. ज्या रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट आहे त्यात ही काळजी कमी असते. इथे ती घ्यावीच लागते. मीटरवर सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये राहायला हवा.

‘सर्वात मोठा आवाज’ कुठला, हाच प्रश्न आहे. सिंधुदुर्गातल्या बुवांचं भजन अभंगाच्या संथ आलापाने सुरू होतं आणि गजरात लय चढत जाते. आलापावर बटण लावलं तर गजराच्या शेवटी सगळं लाल होतं. त्यामुळे सुरुवातीलाच बुवांना विनंती करा : गजराच्या शेवटच्या दोन आवर्तनांतला जोर दाखवा. त्यावर बटण लावा आणि चिकटपट्टी चिकटवून टाका. पी ४ वर प्रत्येक चॅनेलला एकच बटण आहे. ते रेकॉर्डिंगचाच आवाज बदलतं, वेगळा फेडर नाही. गाणं चालू असताना हात लागला की फाइलमध्ये तो चढ-उतार कायमचा बसतो. यंत्रातला हा आम्हाला सगळ्यात खटकणारा भाग. बोलण्याच्या माइकांना लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारी सोय) चालू ठेवा. कीबोर्डला बंद, कारण पियानोच्या ठोशावर तो दाबल्याचं ऐकू येतं.

माइक कुठला? किनाऱ्यावर डायनॅमिकच (फँटमची वीज न लागणारा). कंडेन्सरचा पडदा फार पातळ आणि विजेवर भारलेला असतो, दमट हवेत त्यावर ओल बसली की कडकड सुरू होते. पावसाळ्यात हे हमखास घडतं. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला माइक आवाजासाठी पुरेसा आहे. पी ४ माइकला ७० डीबीपर्यंत वाढवू शकतो, त्यामुळे असे कमी जोराचे माइकही आरामात चालतात, वेगळा बूस्टर घ्यावा लागत नाही. ही पी ४ ची मोठी जमेची बाजू आहे. एसएम ५८ च्या नावाने नकली माल खूप फिरतो, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

माइक तोंडापासून चार बोटं, जरा तिरका. पेटीला वरून एक वीत अंतरावर, सुरांच्या बाजूला, भात्यापासून दूर, नाहीतर हवेची फुसफुस येते. पखवाजाला दोन्ही तोंडांच्या मधोमध, समोरून हातभर अंतरावर एकच माइक. झांज-टाळाला माइक नकोच. झांजवाल्याला दोन मीटर मागे बसवलं तरी ती चारही माइकांत पुरेशी येते. हेच त्याला नीट समजावून सांगा, नाहीतर आपल्याला बाजूला काढलं असं त्याला वाटतं.

सूत्रसंचालकाचा माइक कीबोर्डच्या स्टँडला कधीही लावू नका. कळा दाबल्याचा धपधप आवाज स्टँडमधून थेट माइकमध्ये चढतो. वेगळा बूम स्टँड घ्या, त्याच्या पायाखाली घडी केलेला टॉवेल. दोन माइकांमधलं अंतर प्रत्येकाच्या तोंडापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात पोकळ होऊन येत नाही.

जागा, पाऊस, रातकिडे

घरातली सर्वोत्तम जागा माजघर. चारी बाजूंना खोल्या, जांभ्याच्या जाड भिंती, खिडक्या कमी, धान्याच्या कणग्या आणि गाद्यांच्या वळकट्या आवाज शोषायला आयत्या हजर. नवीन स्लॅबच्या घरातला टाइल्सचा हॉल दिसायला छान, पण तिथे बोलणं घुमतं. तसंच करावं लागलं तर खाली सतरंज्या, समोरच्या भिंतीला दोन गोधड्या. पडवीत बसायचा मोह होतो. रस्त्यावरची दुचाकी आणि कोंबड्यांची तयारी असेल तरच बसा.

पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की त्यावर गाडीची चावी ठेवा, निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. कुणाच्या तरी घरातले मासे त्यात असतात.

समुद्राची गाज खालच्या पट्टीत असते, पी ४ चा लो कट (खालचे आवाज कापणारी सोय) चालू केला की बरीच जाते. तो बोलण्याच्या माइकांना लावा, पखवाज आणि कीबोर्डला नको, पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमारा आणि कीबोर्डचा बेस दोन्ही पातळ होतात. रातकिडे मात्र वरच्या पट्टीत किरकिरतात, अगदी स, श, झांज यांच्या शेजारी. ते कुठल्याच बटणाने जात नाहीत. नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलात तर झांजेचा झंकार पाण्यात बुडाल्यासारखा होतो. दुपारी दोन ते पाच ही वेळ घ्या. पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस चालून जातो, पत्र्यावरचा नाही. पत्र्याच्या घरात जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग ठरवूच नका.

वीज गेली तर

इथेच पी ४ लॅपटॉपला मागे टाकतो. तो सेलवर चालू राहतो, ना फाइल जाते ना गप्पा थांबतात. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची खूण खोटी दिसते आणि यंत्र अचानक मान टाकतं. पॉवर बँक घेणार असाल तर आधी घरी दोन तास चालवून पाहा. काही पॉवर बँक कमी वीज ओढणाऱ्या यंत्राला ‘काही जोडलेलंच नाही’ समजून आपोआप बंद पडतात.

कीबोर्ड मात्र वीज गेली की जातो. इन्व्हर्टरवर लावला तर साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरने ॲडॉप्टरमधून भुरभुर येते. सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर रेकॉर्डिंगला तो सेलवरच चालवा. विजेवर असताना ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर आधी डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. त्याने नाही गेली तर ॲडॉप्टर दुसऱ्या बोर्डावर. अर्थिंगची पिन मोडून घूं घालवण्याचा जुना उपाय जिवाशी खेळ आहे, तो करू नका.

मुंबईतला पाहुणा

कोकणातले निम्मे कलाकार मुंबईत. त्यांना फोनवर घ्यायला पी ४ मध्ये चांगली सोय आहे : मोबाइलची छोटी पिन लागते आणि पाहुण्याला त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं ऐकू जातं, त्यामुळे त्याच्या कानात प्रतिध्वनी येत नाही. वायर दोन्ही टोकांना चार पट्ट्यांची हवी. तीन पट्ट्यांची लावली तर तो आपल्याला ऐकू येतो, आपण त्याला नाही. फोन तिसऱ्या चॅनेलवर येतो, म्हणजे त्या वेळी तिथला माइक सोडायचा. रेंज जिथे तुटक आहे तिथे भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर ठेवा : पाहुण्याला त्याच्या मोबाइलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून फाइल पाठवायला सांगा. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवली की दोन फाइली जुळवायला मिनिटही लागत नाही.

पॅड आणि सूत्रसंचालन

चार पॅडवर तयार टाळ्या-हास्याचे आवाज येतात. ते काढून टाका. कीबोर्डवाल्याकडे त्याहून चांगलं भांडवल आहे. आठ मात्रांची सुरुवातीची धून, विषय बदलताना वाजवायचा चार सेकंदांचा तुकडा, आणि शेवटी बोलण्याखाली वाजत राहील असा संथ, लांबवलेल्या सुरांचा तुकडा, हे तिन्ही स्वतः वाजवून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्हमध्ये कार्डावर ठेवा आणि पॅडला जोडा. शेवटच्या तुकड्याला लूप, बाकीच्यांना एकदाच वाजण्याची सेटिंग. चौथा पॅड रिकामा ठेवा, म्हणजे चुकून बोट लागलं तरी काही वाजत नाही. या तुकड्यांत मधला सप्तक टाळा. माणसाचं बोलणं तिथेच असतं.

साथीची सवय सूत्रसंचालनात फार उपयोगी पडते. गायकाचा श्वास कुठे संपतो हे कळणाऱ्याला पाहुण्याचं वाक्य कुठे संपतं तेही कळतं. एक सवय मात्र सोडावी लागते : रिकामी जागा दिसली की भरण्याची. पाहुणा आठवत असताना कीबोर्डवर बोटं फिरवली तर ती चारही माइकांत येतात. प्रश्न विचारताना हात मांडीवर. पाहुणा मालवणीत बोलत असेल तर तुम्हीही मालवणीतच विचारा. प्रमाण मराठीत प्रश्न आला की म्हातारे बुवा एकदम जपून, भाषण केल्यासारखं बोलू लागतात.

उत्तम प्रश्न वाद्यावरचे असतात. ‘ही गौळण तुम्ही कुठल्या चालीत म्हणायचात, वाजवून दाखवा’ असं म्हटलं की पेटीवर हात जातो आणि बोलणं मोकळं होतं. दशावतारातल्या पेटीवाल्याला विचारा की नट संवाद तिथल्या तिथे रचत असताना पदाचा सूर त्याला कसा कळतो. नमन-खेळ्यांतल्या मृदंगवाल्याला ठेक्याचे बोल तोंडाने म्हणायला सांगा. इथे पी ४ च्या चार हेडफोनांचा फायदा दिसतो. बुवांना हेडफोन लावून त्यांचाच आवाज ऐकवला की ते आपोआप माइकपासून योग्य अंतरावर बसतात, पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही.

नंतरचं काम

ऑडेसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. बोलण्या-गाण्याचे ट्रॅक तेवढे साफ करा, वाद्यांच्या ट्रॅकवर नॉइज रिडक्शन लावू नका. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप), टोक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. ॲपल पॉडकास्टची शिफारस याच आसपासची आहे. १२८ केबीपीएसच्या एमपी ३ मध्ये तासाचा भाग ५८ एमबीच्या आत बसतो, गावातल्या डेटा पॅकला तो झेपतो. मुखपृष्ठाचं चित्र चौकोनी, ३००० गुणिले ३००० पिक्सेल.

गाण्यांचं भान ठेवा. सिनेमाच्या चाली कीबोर्डवर स्वतः वाजवल्या तरी संगीतकाराचा हक्क सुटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) सिनेमाच्या चालीवर बांधलेले गजर सर्रास येतात, ते भागातून वगळा. संतांचे अभंग आणि पारंपरिक चाली मोकळ्या आहेत, पण त्या गाणाऱ्या बुवांचा सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षांचा आहे. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटात त्यांचं नाव, गाव आणि ‘हे लोकांना ऐकवायला माझी हरकत नाही’ हे वाक्य त्यांच्याच आवाजात घ्या.

कुणी घेऊ नये

पूर्ण डबलबारी मंडपात रेकॉर्ड करायची असेल तर चार चॅनेल पुरत नाहीत. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज धरले की सहा झाले. तिथे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या. जाखडीसारख्या गोल फिरून नाचत गाण्याच्या प्रकारालाही हा नाही, तिथे स्टिरिओ माइक अंगातच असलेला रेकॉर्डर हवा. एकट्याने घरात बसून कीबोर्डचे धडे रेकॉर्ड करणाऱ्याला दोन चॅनेलचा इंटरफेस पुरतो, त्यात मोठ्या पिनेची सोयही असते.

घेतलात तर हवेपासून जपा. खाऱ्या हवेने कॅनन पिनांवर हिरवट थर धरतो आणि वायर हलवली की करकर येते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा त्या वाळवायच्या. सेल काढून ठेवायचे. पिना दर दोन महिन्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायच्या. कीबोर्डचंही तेच. प्रत्येक कळेखाली रबराच्या पट्टीत दोन संपर्कबिंदू असतात आणि त्यांच्यामधल्या वेळेवरून दाब मोजला जातो. त्यातला एक मळला की कळ एक तर मुकी होते नाही तर एकदम जोरात वाजते. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सगळ्या कळा एकेक करून हळू दाबून बघा.

रेकॉर्डिंग झाल्यावर फोल्डरचं नाव त्याच रात्री बदला : तारीख, गाव, बुवांचं नाव, पट्टी. मग बुवांच्या आवाजाचा वेगळा ट्रॅक, झांजेच्या सरमिसळीसकट जसा असेल तसा, पेनड्राइव्हवर भरून त्यांच्या घरी पोचवा. त्यांच्या शिष्यांना चाल बसवायला तोच लागतो.